टर्बो गाडीचे एक्झॉस्ट स्टड: अंबडमधील एका गॅरेजचे काम

थंड इंजिन चालू करताच येणारा आणि ते तापल्यावर विरणारा टकटक आवाज, मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) कडेला साचलेली काजळी आणि कसारा घाट चढताना कमी पडणारा पिकअप, एवढ्यावरून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील या गॅरेजच्या मिस्त्रींनी टोकाचा स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाला जखडणारा आट्यांचा दांडा) तुटल्याचे अचूक ओळखले. बिडाचा मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापल्यावर कमीअधिक प्रसरण पावतात व त्याचा ताण टोकाच्या स्टडांवर अधिक येतो. शिवाय इंजिनातून बाहेर पडणारा वायू टर्बोपर्यंत (त्याच वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागापर्यंत) पोहोचण्याआधीच गळला, तर टर्बाइनला पुरेसा जोर मिळत नाही, हे त्यांनी सुटा मॅनिफोल्ड हातात धरून समजावले.

स्टड हेडच्या अगदी पातळीला तुटला होता. अन्यत्र थेट ड्रिल मारण्याचा सल्ला मिळाला होता. येथे मात्र तुटक्या टोकावर नट वेल्ड केला, त्या उष्णतेने गंजाची पकड सैल झाल्यावर तो पान्याने पुढेमागे करत अलगद बाहेर काढला, आणि हेडमधले आटे वाचले. उरलेले स्टड शाबूत दिसत असूनही सगळे बदलण्याचा त्यांचा आग्रह मला रास्त वाटला. नवे गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी पट्टी) घालून नट मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळले.

बिलात मात्र मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे दाखवलेले नाहीत, आणि रक्कमही चढीच आहे. गाडी सोपवण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागून घ्यावे. मागितल्यास ते देतात.