विंडी डॉट कॉम : होडीवाल्यांसाठी वसंतातली परीक्षा

चेक प्रजासत्ताकात २०१४ मध्ये सुरू झालेलं विंडी डॉट कॉम हे हवामानाचा अंदाज नकाशावर दाखवणारं संकेतस्थळ आणि ॲप आज छोट्या होड्या, शिडाच्या बोटी आणि कयाक चालवणाऱ्या असंख्य लोकांच्या मोबाइलमध्ये सापडतं. (विंडी डॉट ॲप हे निराळ्या कंपनीचं निराळं उत्पादन आहे, दोघांची गल्लत सर्रास होते. हे परीक्षण डॉट कॉमचं.) नकाशावर पळणाऱ्या वाऱ्याच्या रेघा इतक्या देखण्या असतात की त्यावर नजर टाकून नांगर उचलायचा मोह होतो. थंड प्रदेशांच्या किनाऱ्यांवर हा मोह वसंतात सर्वांत महाग पडतो.

कारण सरळ आहे. जमीन चार दिवसांच्या उन्हात तापते, समुद्र मात्र हिवाळ्याची थंडी धरून बसतो. त्याचं पाणी वर्षात सर्वांत गार असतं ते हिवाळ्याच्या अखेरीस, आणि पुढे कित्येक आठवडे ते जेमतेम अंश-दोन अंशांनी चढतं. म्हणजे किनाऱ्यावर २० अंशांची ऊब आणि दोन मैल आत ९ अंशांचं पाणी. धुकं, खारा वारा, पाण्यालगतचा वारा हे सगळं या फरकावर चालतं, आणि वाऱ्याच्या रंगीत थरात (विंडी वारा, लाटा, दाब असा प्रत्येक गोष्टीचा नकाशा वेगळ्या थरात दाखवते) नेमका हाच फरक दिसत नाही. माहिती विंडीत आहे, पण वेगवेगळ्या थरांत विखुरलेली. ती गोळा करायचं काम आपलं.

सेटिंगपासून सुरुवात करा. वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, लाटा मीटरमध्ये ठेवा. किलोमीटरमधला वेग डोक्यात नॉटमध्ये बदलत बसलं की घाईत चूक होतेच. वेळही तपासा. बऱ्याच देशांत वसंतात घड्याळ तासभर पुढे सरकतं, पण भरती-ओहोटीचे छापील तक्ते अनेकदा मूळ वेळेतच असतात. हा तास किरकोळ वाटतो. बाराव्या भागाच्या नियमाने (भरतीच्या सहा तासांत दर तासाला पाणी किती चढतं याच्या ठोकताळ्याने) हिशेब केला, तर भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी एकूण चढाच्या प्रत्येकी ३/१२ इतकं चढतं. चढ ४ मीटरचा असेल तर त्या एका तासाच्या चुकीची किंमत १ मीटर पाणी.

आता धुकं. विंडीत दृश्यमानतेचा थर आहे, पण फक्त त्याच्यावर भिस्त ठेवू नका. समुद्री धुक्याचा अंदाज कुठल्याही मॉडेलला, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या संगणकी प्रणालीला, जड जातो. त्याऐवजी दोन थर एकापाठोपाठ उघडा : दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) आणि समुद्राचं तापमान. दोन्हींत एकाच बिंदूवर बोट ठेवा. दवबिंदू ११ आणि पाणी ९ असेल, तर ती ओलसर हवा त्या पाण्यावरून जाताना खालून गार होत जाणार आणि धुकं धरणार. दवबिंदू ५ असेल, तर हवा कितीही उबदार असली तरी काळजी कमी. सर्वांत फसवा दिवस तो, जेव्हा वारा दूरच्या उबदार समुद्रावरून आर्द्र हवा आणतो. बंदरात लख्ख ऊन असतं आणि धुक्याची भिंत क्षितिजावर उभी असते. जमिनीवरचं धुकं उन्हाने विरतं, समुद्रावरचं विरेलच असं नाही, कारण खालचं पाणी तापत नाही. १५ नॉटच्या वाऱ्यातही ते टिकून राहतं. वारा सुटला की धुकं पळेल हा समज इथे कामाचा नाही. समोर २०० मीटर दिसत असेल आणि होडी ६ नॉटने चालली असेल, तर ते अंतर साधारण ६५ सेकंदांत संपतं. समोरूनही तितक्याच वेगाने कोणी येत असेल, तर निम्म्या वेळात.

समुद्राच्या तापमानाचा थर खुल्या पाण्यात ठीक आहे, किनाऱ्याला चिकटून मात्र नाही. उथळ खाडी दुपारी दोन-तीन अंशांनी तापते, तर वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो तिथे खालचं गार पाणी वर येतं. नकाशात हे दोन्ही उतरत नाही.

वाऱ्याच्या थरातली खरी किमती गोष्ट आहे उंचीची पट्टी, आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात. गार पाण्यावर ऊबदार हवा आली की खालचा थर जड होऊन बसून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरत जातो. डेकवर ८ नॉट, पाण्यावर जेमतेम तरंग, आणि शंभरेक मीटर वर वारा भन्नाट. विंडीत पट्टी पृष्ठभागावरून १०० मीटरवर आणि मग ६०० मीटरवर न्या. खाली ८ आणि वर २८ दिसलं तर समजा की वारा गेलेला नाही, डोक्यावर टांगलेला आहे. तो खाली येतो जिथे जमीन तापून हवा ढवळते : उतरत्या डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यालगतच्या पहिल्या मैलात. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर धोका दुणावतो. किनाऱ्याशी पाणी सपाट दिसतं, पुढे लाटा वाढत जातात, आणि परतताना वारा तोंडावर. कयाक आणि छोट्या शिडाच्या होड्यांसाठी हा वसंतातला सर्वांत वाईट सापळा आहे. झोतांचा (क्षणभर उसळणाऱ्या वाऱ्याचा) थर वेगळा आहे, तोही बघा. अस्थिर हवेत झोत सरासरीच्या ४० टक्के वर जाऊ शकतात, आणि शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : १५ चे २० नॉट झाले की जवळपास पावणेदोन पट.

खाऱ्या वाऱ्याच्या बाबतीत विंडी अर्धीच पास होते. डीफॉल्ट असतं ते ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल, चौकट (अंदाजाच्या जाळीतलं एक घर) ९ किलोमीटरची. चौकट ९ ची म्हणून ९ किलोमीटरची खाडी दिसते असं नव्हे. एखादी गोष्ट नीट उमटायला चार-पाच चौकटी तरी लागतात. मोठ्या सरळ किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा मॉडेल पकडतं, टेकड्यांमधून वळणारा, भूशिरावर दाटणारा मात्र निसटतो. सकाळी जमिनीकडून येणारा वारा १० नॉटच्या आत, आतल्या भूभागावर कापसासारखे ढग उगवायला लागलेले आणि समुद्रावर आकाश मोकळं, असं दिसलं की मॉडेल काहीही म्हणो, दुपारी १२ ते १५ नॉटची तयारी ठेवा. वसंतात जमीन-पाण्यातला फरक मोठा असल्याने तो २० च्याही पुढे जाऊ शकतो. उत्तर गोलार्धात तो दिवसभरात हळूहळू उजवीकडे वळत जातो. सकाळी आडोशाला वाटलेली नांगराची जागा संध्याकाळी उघडी पडते ती यामुळे.

फुकट आवृत्तीचं मोठं न्यून इथेच जाणवतं. ती ३ तासांच्या टप्प्याने अंदाज देते आणि खारा वारा बरेचदा त्या दोन टप्प्यांच्या मधोमध उठतो. सशुल्क आवृत्तीत तासागणिक आकडे मिळतात. पैसे भरायचे तर याच एका कारणासाठी भरावेत, बाकीचं फुकटात भागतं.

लाटांच्या थरात एकच आकडा बघून थांबू नका. दाखवलेली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट तिच्या दुप्पट येऊ शकते. त्याहून महत्त्वाचा आहे दोन लाटांमधला काळ. दीड मीटर आणि १० सेकंद असेल तर लाटेची लांबी खोल पाण्यात १५० मीटरहून अधिक, होडी निवांत चढते-उतरते. तोच दीड मीटर ४ सेकंदांवर आला की लांबी जेमतेम २५ मीटर, लाट उभी आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) दर वेळी पाण्यात. दूरची फुगवट (लांबून चालत आलेल्या लाटा) आणि जागच्या वाऱ्याच्या लाटा विंडी वेगळ्या दाखवते, दोन्ही उघडा. आणि प्रवाह वाऱ्याच्या उलट असेल तर नकाशावरच्या उंचीला फारसा अर्थ उरत नाही. २ नॉटचा ओहोटीचा प्रवाह १५ नॉटच्या वाऱ्याला तोंड देतो तेव्हा खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि तुटक्या होतात. तिथून निघायचं तर प्रवाह थांबायच्या वेळी.

विषुवदिनाच्या आसपासचं उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी असतं. याच काळात जास्त दाबाचं, लख्ख उन्हाचं हवामान आलं की एक छुपा हिशेब बिघडतो. दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पाण्याची पातळी साधारण १ सेंटिमीटर उतरते. तक्ते साधारण सरासरी दाब (सुमारे १०१३) धरून केलेले असतात. दाब १०३८ असेल तर तक्त्यापेक्षा पाव मीटर कमी पाणी, तेही उधाणाच्या ओहोटीला, जेव्हा गाळ आधीच उघडा पडलेला असतो. विंडीतल्या दाबाच्या थरावरून हे दोन मिनिटांत जमतं.

मॉडेलांची तुलना करायची सोय हा विंडीचा हुकमी एक्का. एकाच बिंदूवर ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस आणि जर्मनीचं आयकॉन ही मॉडेलं ओळीने समोर येतात. तिन्ही एकाच आकड्यावर असतील तर भरवसा वाढतो. एक १०, एक १८ आणि एक २४ म्हणत असेल तर सरासरी काढू नका, सर्वांत वाईट आकडा धरा किंवा दिवस बदला. जिथे फ्रान्सचं आरोम किंवा अमेरिकेतलं एचआरआरआर उपलब्ध आहे तिथे पुढच्या दोन दिवसांसाठी त्यांची बारीक चौकट जास्त कामाची. अंदाज ताजा आहे का तेही बघा. जीएफएस दिवसातून चार वेळा, ०, ६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सुरू होतं, आणि निकाल हाती यायला काही तास लागतात. सकाळी उघडलेला अंदाज रात्रीच्या निरीक्षणांवर उभा असतो.

एक कमतरता मात्र अवघड आहे : हे सगळं नेटवर्क असेपर्यंत. निघण्यापूर्वी तक्ते आणि तुलनेचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि इशाऱ्यांसाठी व्हीएचएफ रेडिओ चालू ठेवा. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्यांसाठी ५१८ किलोहर्ट्झवरचं नॅव्हटेक्स (रेडिओवरून लेखी इशारे देणारी सेवा) आहे. हवामान खात्याचा माणसाने लिहिलेला इशारा आणि विंडीचा रंग यांत तफावत असेल तर इशारा खरा धरा.

शिवाय होडीत एक साधा बॅरोमीटर असू द्या. दर तासाला दाब वहीत लिहा आणि विंडीच्या स्क्रीनशॉटमधल्या त्याच तासाच्या आकड्याशी ताडून बघा. विंडी ३ तासांत १ हेक्टोपास्कल उतार म्हणत असेल आणि सुई ४ ने पडली असेल, तर येणारं हवामान वेळेआधी निघालंय. होडी वळवा.