पटायात बार घेताय? आधी रिकाम्या बाटल्या मोजा

थायलंडमधल्या पटायात एका बारसाठी मी मोजले १४,५०,००० बाथ. बँकेनं लावलेल्या २ रुपये ४८ पैसे भावानं ३५,९६,००० रुपये. त्यावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो आगाऊ कर, ५,७९,२००. तो पुढं विवरणपत्रात वळता होतो हे मलाही माहीत आहे, पण त्या दिवशी खात्यातून गेलाच ना. शिवाय रंगरंगोटी आणि मालासाठी कार्डावर १,८५,००० बाथ. जुळे सोलापुरातला प्लॉट विकला, बायकोचं अकरा तोळे सोनं अजून गहाण आहे. आणि हातात काय, तर थाई भाषेतला एक भाडेकरार, तोही संपलेला.

घरचे म्हणाले, लिहू नका, गावभर होईल. होऊ दे. ज्या माणसानं मला बुडवलं त्याच्या स्टेटसला आता दुसऱ्या बारचे फोटो लागलेत. आपल्याच भागातलं कुणीतरी पुढचं गिऱ्हाईक असणार, म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. "हौसेनं गेला आणि बुडाला" असं मला कुणी म्हणू नये. मी याच धंद्यातला माणूस आहे. सोलापुरात माझी परमिट रूम आहे, एफएल-थ्री लायसन्स आहे, एक्साइजच्या वह्या मी स्वतः लिहितो. मध्यस्थ आमच्या ओळखीतला, मूळ इथलाच, पटायात टूरवाल्यांना हॉटेलं लावून देणारा. मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही अस्खलित. लग्नाकार्यात भेटणारा, माझ्या वडिलांच्या पाया पडणारा. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा? "मालक, नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा लागत नाही. निम्मं पटाया आपल्या लोकांनी भरलंय. इंडियन मालकाचा बार म्हणजे लॉटरी बघा," असं तो म्हणायचा. व्हिसाचं खरं होतं, गर्दीचंही खरं होतं. अशी माणसं नऊ खऱ्या गोष्टी सांगून दहावी खपवतात.

मागितले १८ लाख बाथ, ठरले साडेचौदा. महिन्याला सगळा खर्च जाऊन १,२०,००० बाथ सुटतात, वर्षात पैसे वसूल, असा हिशेब. आता मला सांगा, वर्षात भांडवल परत देणारा बार कोण कशाला विकेल? विकणारा एक म्हातारा गोरा होता. तब्येत बिघडलीय, मायदेशी जायचंय म्हणाला. तब्येतीचं कारण सांगणारा दिसला की तिथूनच परत फिरा.

आता ती रात्र. डिसेंबर २०२४. गल्लीतला उघडा बार, चारी बाजूंनी काउंटर, मधे मुली. तिथं प्रत्येक गिऱ्हाइकासमोर एक छोटा कप ठेवतात. बाटली आली की तिची चिठ्ठी गुंडाळून त्या कपात, आणि उठताना कप रिकामा करून बेरीज. काउंटर भरलेला, मधूनच कुणीतरी घंटा वाजवायचा. घंटा वाजली की वाजवणाऱ्याच्या खर्चानं सगळ्यांना एकेक पेला. मी आमच्या गल्ल्यावर नजर ठेवतो तशीच तिथं ठेवली होती. दीड वाजता माणसं उठायला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर कॅशियर बाईनं सात-आठ कप उचलले, चिठ्ठ्या खणात ओतल्या आणि खण लावून घेतला. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. कुणी पाकिटाला हातसुद्धा लावला नाही.

मी पाहिलं. मी विचारलंसुद्धा! मध्यस्थ म्हणाला, "अण्णा, ही इथं राहणारी पेन्शनर मंडळी. महिन्याचं खातं असतं त्यांचं. आपल्याकडं नसते का उधारी?" असते. माझ्याकडं पण असते. पण उधारीची वही असते, आणि ती वही मी मागितली नाही. ते खणाचं फळकुट लागल्याचा आवाज आजही झोपेतून उठवतो. ती सगळी विकणाऱ्याची बसवलेली माणसं होती. सौदा झाला आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एकही तोंड दिसलं नाही.

दुसरी खूण बारच्या मागं पडलेली होती. वहीत रोजचा गल्ला ३०,००० बाथ. बाटली ९० बाथला धरली तर रात्रीला तीनशेच्या वर बाटल्या, म्हणजे २४ बाटल्यांचे तेरा-चौदा क्रेट. मागच्या बोळात तीन होते. परमिट रूमवाल्याला रिकाम्या बाटल्या मोजायला शिकवावं लागत नाही, पण रात्रीचे दोन वाजलेले, बोळात अंधार, बर्फवाल्याची गाडी आडवी लागलेली, आणि हा मध्यस्थ शेजारून सारखा बोलतोय. तुम्ही मात्र मोजा. दिवसा जाऊन मोजा. माल पुरवणाऱ्याची बिलं मागा, वही बघूच नका. वही कुणीही एका संध्याकाळी लिहितो.

आणि व्हॅट! थायलंडमध्ये वर्षाला १८ लाख बाथच्या वर उलाढाल गेली की व्हॅटची नोंदणी करावी लागते, दर महिन्याला विवरण भरावं लागतं. रोज ३०,००० म्हणजे वर्षाला १,०९,५०,००० बाथ. या बारची व्हॅट नोंदणीच नव्हती. म्हणजे एक तर गल्ला खोटा, नाही तर कर बुडवलेला. दोन्हीकडून घेणाराच मेला.

आपल्याकडं परमिट रूमची किंमत म्हणजे मुख्यतः लायसन्सची किंमत. मी त्याच हिशेबानं गेलो, कुणीही गेला असता. तिथं दारूचं लायसन्स दरवर्षी नवं करायचं असतं, त्याला तसा भाव नाही. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. तुम्ही "की मनी" म्हणून जे लाखो बाथ मोजता ते भाडेपट्ट्याच्या उरलेल्या मुदतीसाठी. मला सांगितलं होतं तीन अधिक तीन अधिक तीन, नऊ वर्षं. प्रत्यक्षात पहिल्या तीन वर्षांतले चौदा महिने उरले होते. तिथल्या कायद्यात तीन वर्षांवरचा भाडेकरार जमीन कचेरीत नोंदवला नसेल तर तो तीनच वर्षं चालतो. पुढच्या सहा वर्षांचं नुसतं आश्वासन. घरमालकाला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यानं नव्या करारासाठी ४,००,००० बाथ आणि भाडं ४५,०००वरून ७०,००० सांगितलं. घरमालकाला आधी भेटा. विकणाऱ्याशिवाय भेटा, दुभाषी स्वतःचा न्या.

कंपनीचं तर बोलूच नका. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार अशा धंद्यात परदेशी माणसाचा हिस्सा पन्नास टक्क्यांच्या आत लागतो. म्हणून ५१ टक्के थाई भागधारक दाखवतात. माझ्या कंपनीतले ते भागधारक मी कधी पाहिले नाहीत, हिशेबनिसानं नावं घातली होती. असे नावापुरते भागीदार दाखवणं तिथं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख ते १० लाख बाथ दंड, किंवा दोन्ही. हे मला पैसे गेल्यावर कळलं. म्हणजे तिथल्या पोलिसांत गेलो तर आधी मीच आत. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचा सगळा धंदा यावरच उभा आहे. वर्क परमिटशिवाय स्वतःच्या काउंटरमागं उभं राहून बाटली उघडणंसुद्धा चालत नाही. आणि परमिटसाठी साधारणपणे २० लाख बाथ भांडवल आणि चार थाई कामगार दाखवावे लागतात. मग बार चालवणार कोण? मध्यस्थानंच दिलेला मॅनेजर. मे महिन्यात पाऊस सुरू झाल्यावर गल्ला दिवसाला चार हजारांवर आला, तोही मॅनेजर सांगेल तेवढा.

आता आपल्या इथलं ऐका.

पैसे बँकेतून, रीतसर पाठवले. परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज असतो, ए-टू. मध्यस्थानं सांगितलं होतं, "ए-टू फॉर्मवर भेट म्हणून लिहा, कागद कमी लागतात." बँकेतल्या साहेबांनी तोच रकाना भरून घेतला. एका प्लॉटचे पैसे आले आणि आठवड्यात ३५,९६,००० "भेट" म्हणून चालले, तरी एक प्रश्न नाही! परदेशातल्या कंपनीत गुंतवणूक करायची तर २०२२ च्या नियमांप्रमाणे फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हे मला नंतर माझ्या सीएनं सांगितलं. बँकेत विचारलं तर उत्तर, "सही तुमचीच आहे." विमा विकायला मात्र हेच साहेब घरी आले होते.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "घटना थायलंडची, आमची हद्द नाही." अहो, आमिष सोलापुरात दाखवलं, मेसेज सोलापुरात आले, पैसे सोलापूरच्या शाखेतून गेले! नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं, हद्द कुठलीही असो, खबर नोंदवा. कलम २०२ म्हणतं, इलेक्ट्रॉनिक संदेशानं केलेल्या फसवणुकीचा खटला संदेश पाठवला किंवा मिळाला तिथंही चालतो. मी कलमं छापून नेली. कागदाकडं न बघता म्हणाले, "वकिलाकडं जावा." दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिथं म्हणाले ही दिवाणी बाब. तिसरीकडं सांगितलं, परदेशातल्या गुन्ह्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. ती खटला चालवायला लागते, तपासाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच जुन्या कायद्याखाली हे स्पष्ट केलंय. हे मी सांगायचं आणि त्यांनी हसायचं? एकानं तर फाईल चाळून विचारलं, "तुम्ही त्याला भेट दिलीय. भेट दिली त्यात फसवणूक कसली?" आणि वर, "पटायाला कशाला गेला होता ते आम्हाला कळतं हो." बायको शेजारी बसली होती. चाळीस लाखांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे ऐकवतात.

पोचसुद्धा मिळाली नाही. शेवटी पोस्टानं पोलीस आयुक्तांना अर्ज पाठवलाय, त्यानंतरचा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांचा. वकिलाचे ४०,००० आत्तापर्यंत झाले.

याच माणसानं तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर लाजून गप्प बसू नका. बँकेतून ए-टू अर्जाची शिक्क्यासह प्रत काढा, व्हॉट्सॲपचं संभाषण निर्यात करून ठेवा, तो "इथं नको, फोनवर बोलू" म्हणाला असेल त्या तारखा लिहून काढा. फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, भीती वाटत असेल तर आधी सीएला भेटा, मग पोलिसांत जा. आणि ज्याचा सौदा अजून व्हायचाय त्यानं टोकनचा एक बाथही देऊ नये, विकणारा जमीन कचेरीत नोंदवलेला करार दाखवेपर्यंत.