सेंद्रिय घ्यावं की नेहमीचं? जादा पैसे मोजण्याआधी

सेंद्रिय माल बहुतेक ठिकाणी महागच पडतो. मग हे जादाचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे? पोषणासाठी, फवारणीचे अवशेष टाळण्यासाठी, की माती आणि शेतात राबणाऱ्यांसाठी? पुष्कळ जण पोषण जास्त मिळेल म्हणून मोजतात, आणि माझ्या मते नेमकं तेच कारण सगळ्यांत लंगडं आहे.

सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळतं ते पिकवण्याच्या पद्धतीला. हातातल्या जुडीत अमुक सत्त्व आहे, याची हमी ते देत नाही. कृत्रिम नत्रखतं, कारखान्यात बनलेली बहुतेक कीटकनाशकं आणि तणनाशकं, जनुकीय बदल केलेलं बियाणं यांना त्यात मनाई असते. अमेरिकेच्या नियमानुसार काढणीआधी 3 वर्षं त्या जमिनीवर असं काही पडलेलं चालत नाही. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी 2 वर्षं थांबावं लागतं.

सेंद्रिय शेतात फवारणी होतच नाही, हा मात्र गैरसमज. गंधक, तांबेयुक्त बुरशीनाशकं, स्पिनोसॅड (जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक) अशी औषधं तिथेही चालतात. त्यातलं तांबं तर विघटन न होता मातीत साठत जातं. म्हणूनच युरोपीय संघाने पिकांवरच्या तांब्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे, आणि ती सेंद्रिय शेतकऱ्यालाही लागू आहे.

खरा फरक दिसतो तो अवशेषांत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कीटकनाशकाचा अंश सापडलेले नमुने नेहमीच्या फळं-भाज्यांत 38 टक्के होते, सेंद्रियमध्ये 7 टक्के. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचा 2006 चा अभ्यास याहून बोलका आहे. मुलांचं रोजचं जेवण 5 दिवस सेंद्रिय केलं, तर लघवीतले मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांचे अंश लगेच जवळजवळ नाहीसे झाले. जुना आहार सुरू होताच परत दिसू लागले. क्लोरपायरिफॉसवर पुढे 2020 मध्ये युरोपीय संघाने बंदी घातली. आता दुसरी बाजू. अंश सापडणं म्हणजे अपाय होणं नव्हे. मान्य मर्यादा ठरवताना अपायकारक पातळीपासून बरंच अंतर राखलेलं असतं, आणि 2012 च्या त्याच आढाव्यात ती ओलांडणारे नमुने दोन्हीकडे मोजकेच होते.

पोषणात चित्र धूसर आहे. त्या आढाव्यात जीवनसत्त्वांत ठोस फरक दिसला नाही. 2014 मध्ये 343 शोधनिबंधांच्या विश्लेषणात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी मानली जाणारी द्रव्यं) जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला, पण त्यामुळे खाणाऱ्याची तब्येत सुधारते, हे सिद्ध झालेलं नाही. सेंद्रिय दुधात ओमेगा-3 हे उपयुक्त मेदाम्ल साधारण निम्म्याने जास्त निघतं. त्याचं मोठं श्रेय जनावराने खाल्लेल्या हिरव्या चाऱ्याला जातं. शिवाय त्याच दुधात आयोडीन कमी असतं. (जाहिरातीत हे दुसरं वाक्य कधी दिसत नाही.)

कर्करोगाचं म्हणाल, तर फ्रान्समधल्या सुमारे 69 हजार प्रौढांच्या अभ्यासात सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत प्रमाण 25 टक्क्यांनी कमी दिसलं. ब्रिटनमधल्या 6 लाखांवर स्त्रियांच्या त्याआधीच्या अभ्यासात एकूण कर्करोगात घट दिसली नव्हती. सेंद्रिय घेणारे बहुधा व्यायामही करतात, धूम्रपानही टाळतात. श्रेय कशाचं, हे वेगळं काढणं कठीण. या एका कारणासाठी मी तरी पैसे मोजणार नाही.

पर्यावरणाचा हिशेबही एकतर्फी नाही. सेंद्रिय शेतांत वनस्पती-कीटकांच्या जाती सरासरी 30 टक्क्यांनी जास्त आढळतात. पण 2012 च्या एका विश्लेषणानुसार पीक आणि परिस्थितीप्रमाणे उत्पादन 5 ते 34 टक्क्यांनी कमी येतं, म्हणजे तेवढ्याच धान्याला जमीन जास्त लागते. मला सर्वांत पटणारं कारण निराळंच आहे: विषारी फवारणीचा पहिला आणि मोठा डोस ती करणाऱ्या माणसाला मिळतो. त्याच्या तुलनेत आपल्या ताटात येतो तो अंश फार थोडा.

तेव्हा सरसकट काही ठरवू नका. घरात लहान मूल असेल किंवा कुणाला दिवस गेलेले असतील, तर पालेभाज्या आणि सालासकट खायची फळं सेंद्रिय घेण्यात अर्थ आहे. जाड साल काढून टाकायच्या फळांवर तोच पैसा घालवायची गरज नाही. नेहमीचा माल वाहत्या पाण्याखाली चोळून धुतला, तर वरवरचे अवशेष बरेच कमी होतात. आत मुरलेले निघत नाहीत. आणि सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजीच कमी आणणं, हा सगळ्यांत वाईट सौदा.

बिस्किटं, सरबतं, चॉकलेट यांवर सेंद्रियचा शिक्का असला, तरी साखर तेवढीच. अमेरिकेत आणि युरोपात 95 टक्के घटक सेंद्रिय असले की तो शिक्का मारता येतो. ‘नैसर्गिक’, ‘शेतातून थेट’ अशा शब्दांवर भुलू नका. वेष्टनावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव किंवा तिचा क्रमांक शोधा. तो सापडला नाही, तर जादा पैसे देऊ नका.