लाल माती की स्टोनवेअर? घरच्या भट्टीत नक्षीकाम करणाऱ्यांसाठी

भट्टी कोणती घ्यायची आणि माती कोणती वापरायची, हे सुरुवातीला दोन वेगळे प्रश्न वाटतात. दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यावर ठरतं: तुम्ही किती अंशांना भाजणार. ग्लेझ (काचेसारखा लेप) केलेलं लाल मातीचं काम १०४० ते १०८० अंश सेल्सिअसला तयार होतं, स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी माती, घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत साधारण १२२० ते १२४० ला. मधल्या दीडशे-पावणेदोनशे अंशांत वायरिंग, रंग, नक्षीची रीत आणि गिऱ्हाईक, सगळंच बदलतं.

आपल्याकडे दोन्ही वाटा मळलेल्या आहेत. मुंबईच्या कला विद्यालयात (आजचं जे. जे.) १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या काळात जी नक्षीची भांडी झाली, ती सिंधी कुंभारांच्या वळणाची, कमी तापमानाची. हिमाचलमधल्या अंद्रेट्याची पॉटरी लाल मातीवरच्या स्लिपच्या (मातीच्या पातळ लेपाच्या) कामासाठी ओळखली जाते. उलट पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून स्टोनवेअर करणाऱ्यांची पिढी तयार झाली. त्यामुळे ‘खरी पॉटरी स्टोनवेअरचीच’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी आणि आधी घरचा मीटर बघावा.

मीटर काय म्हणतो

४ किलोवॅटची सिंगल फेज भट्टी २३० व्होल्टला साडेसतरा अँपिअर ओढते, तेही तासन् तास. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावायची नाही. मेन बोर्डपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी, आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मंजूर भारही तपासून घ्या.

खरी मेख व्होल्टेजची आहे. भट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी लाइन १९० व्होल्टवर आली, की ४ किलोवॅटची भट्टी २.७ किलोवॅटची उरते. १०५० पर्यंत ती रडतखडत पोचते. ११८० च्या पुढे काटा हलायलाच तयार नसतो, आणि ग्लेझ तिथेच अर्धवट शिजत बसतं. ज्यांच्याकडे व्होल्टेज असं खाली येतं, त्यांनी स्टोनवेअरचा विचार थ्री फेज घेतल्यावरच करावा, किंवा भट्टी रात्री उशिरा शिखरावर (सर्वात वरच्या तापमानाला) येईल अशा बेताने लावावी.

युनिटचा हिशोब ढोबळ असा: लाल मातीच्या ग्लेझ फायरिंगला (भाजणीला) आठ तास, त्यातला ६५ टक्के वेळ कॉइल चालू धरली तर २१ युनिट. स्टोनवेअरला दहा तास आणि ७५ टक्के धरले तर ३० युनिट. बिलातला फरक सोसण्यासारखा आहे. कॉइलची झीज मात्र १२३० ला फार लवकर होते. के टाइप थर्मोकपलही (तापमान मोजणारा सेन्सर) तिथे हळूहळू चुकीचं वाचू लागतो, म्हणून स्टोनवेअरसाठी आर किंवा एस टाइप घ्या आणि दर फायरिंगला कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) ठेवा. कंट्रोलर फक्त तापमान सांगतो, कोन वाकला म्हणजे मातीला उष्णता खरोखर किती लागली ते कळतं.

लाल मातीवर नक्षी

रेषा, थर, खरवडून काढलेली फुलं-पानं असं काम डोक्यात असेल, तर आमचं झुकतं माप इथेच. खालची माती गडद, वरची स्लिप पांढरी. निम्मं काम तो विरोधच करून देतो.

पांढऱ्या स्लिपचं सुरुवातीचं प्रमाण, कोरड्या वजनाने: बॉल क्ले ४०, चायना क्ले २५, क्वार्ट्झ २०, कमी तापमानाची शिसेरहित फ्रिट (वितळवून दळलेली काच) १५. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर मुरू द्या, ८० मेशच्या चाळणीतून दोनदा काढा. दाटपणा सायीच्या दुधासारखा: बोट बुडवून काढलं की नख झाकलं जावं, पण नखाची कड दिसावी. काळ्यासाठी त्याच लाल मातीच्या स्लिपमध्ये ८ ते १० टक्के काळा स्टेन (तयार रंगपूड) घाला. मँगनीज डायऑक्साइडने काळा स्वस्तात होतो, पण त्याची धूळ आणि भट्टीतला धूर दोन्ही विषारी, घरात नकोच.

वेळ साधणं हीच इथली सगळी कला. भांडं लेदरहार्ड असताना, म्हणजे उचललं तर वाकत नाही पण नख रुततं अशा वेळी, पहिला हात आडवा मारा. चमक गेली की दुसरा उभा. दोन्ही मिळून जेमतेम एक मिलिमीटर. बोट लावल्यावर चिकटलं नाही की कोरायला घ्या. अवजार ४५ अंशांत आडवं धरलं तर माती सलग कातरणीसारखी सुटते. ती भुगा होऊन सांडू लागली, तर उशीर झाला आहे. ती लेपाची साल ओढत येऊ लागली, तर घाई झाली आहे. रेषेच्या कडेला राहिलेले बारीक कुसळ तेव्हाच बोटाने पुसू नका, रेषा भरून येते. खडखडीत वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा, मास्क लावून.

स्लिप पापुद्रा होऊन सुटते ती बहुतेक वेळा वाळलेल्या भांड्यावर लावल्याने. भांडं आपलं आकसून मोकळं झालेलं असतं, स्लिपला अजून आकसायचं असतं. काठ आणि कानाच्या जोडावर हे आधी दिसतं, कारण तीच जागा सगळ्यात लवकर वाळते.

लाल मातीची दुखणीही आहेत. गावातून आणलेल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, हवेतलं पाणी ओढून फुगतो आणि आठवड्याभराने चांगल्या ताटलीवरून टिकलीएवढा टवका उडतो; खाली पांढरा ठिपका दिसला की समजावं. माती पातळ करून ६० मेशमधून गाळली की खडे निघून जातात. दुसरं दुखणं ग्लेझवरच्या केसासारख्या चिरांचं. ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसलं की त्या पडतात, कधी महिन्याने. ग्लेझमध्ये क्वार्ट्झ ३ ते ५ टक्क्यांनी वाढवून बघा, किंवा बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) १०८० ला आणि ग्लेझ १०५० ला अशी उलटी चढण ठेवा. फक्त इतकं भाजलेलं बिस्क पाणी कमी शोषतं, तेव्हा ग्लेझ थोडं दाट हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही माती सच्छिद्रच राहते. भाजलेला तुकडा कोरडा तोला, पाच तास उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, पुसून पुन्हा तोला. १०० ग्रॅमचे ११२ झाले तर शोषण १२ टक्के, आणि अशा फुलदाणीखाली सागवानी टेबलावर गोल डाग पडणार. मायक्रोवेव्हमध्ये असं भांडं स्वतःच तापतं. भिंतीवरच्या ताटल्या, टाइल्स, दिवे, कुंड्या, कोरडा फराळ यांना काहीच अडचण नाही.

स्टोनवेअरवर नक्षी

इथे माती जवळजवळ मिटते, शोषण दोन-तीन टक्क्यांच्या आत येतं. कप, वाट्या, रोजच्या जेवणाच्या ताटल्या विकायच्या असतील तर दुसरा पर्याय शोधत बसू नका. थानगढ किंवा खुर्ज्याकडचा तयार गोळा मिळतो, चुन्याची भानगड नसते.

नक्षीला मात्र ग्लेझ साथ देईलच असं नाही. १२३० ला पारदर्शक ग्लेझ चांगलंच वितळतं आणि खालच्या अंडरग्लेझची (ग्लेझखाली लावलेल्या रंगाची) बारीक रेषा सोबत ओढतं. उभ्या भांड्यावर काढलेली वेल खाली सरकलेली दिसते. उपाय तीन: ग्लेझ पातळ लावायचं, नक्षी आडव्या पृष्ठभागावर ठेवायची, किंवा रेषा कोरून त्यात रंग भरायचा. तिसरा सर्वात भरवशाचा. बुडाशी ५ मिलिमीटर जागा कोरीच सोडायची. लाल मातीचं भांडं बुडासकट ग्लेझ करून स्टिल्टवर (टोकदार तिवईवर) ठेवता येतं. इथे ती सोय नाही. शिखरावर माती मऊ पडते आणि स्टिल्टवर बसते.

रंगांत काळा आणि कोबाल्ट निळा दोन्हीकडे टिकतात. कच्च्या तांब्याचा हिरवा १२३० ला उडतो आणि शेजारच्या भांड्यालाही लागतो. क्रोम-टिनच्या गुलाबीला ग्लेझमध्ये कॅल्शियम हवं आणि झिंक नको. क्रोमचा हिरवा झिंकच्या ग्लेझखाली तपकिरी होतो. या दोन गोष्टी तापमानापेक्षा ग्लेझच्या घटकांवर ठरतात, म्हणून बाटलीवरचा रंग बघून खरेदी करू नका. प्रत्येक रंगाची एक, दोन, तीन हात मारलेली टाइल भाजा आणि मागे फायरिंगची तारीख खरवडा. खाण्याच्या भांड्यावर रंगीत ग्लेझ असेल तर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. डाग पडला तर ते ग्लेझ फक्त बाहेरून.

आकसणं सुमारे १२ टक्के. ओली २० सेंटिमीटरची ताटली भाजून १७.६ ची होते. लाल मातीत ६ टक्के धरले तर १८.८. सहा ताटल्यांचा सेट करणाऱ्याने हा हिशोब आधी करावा. जास्त आकसणं म्हणजे काठ वाकडे होणं आणि बुडाला एस आकाराची चीर पडणंही जास्त. चाकावर बूड रबरी रिबने (चपट्या पट्टीने) दाबून घेतलं की चीर बरीच टळते.

घरात काय फरक पडतो

फारसा नाही. बिस्कमध्ये ३०० ते ६०० अंशांच्या दरम्यान दोन्ही मातींतून वास आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. भट्टी झोपायच्या खोलीत नको, खिडकी आणि एक्झॉस्ट हवाच. धूळ ओल्या फडक्याने पुसायची, झाडू मारायचा नाही. सिंकखाली बादली, नाहीतर सोसायटीचा पाइप भरणार. पावसाळ्यात कोकणपट्टीत वाळलेलं भांडंही हवेतलं पाणी पुन्हा ओढतं, तेव्हा जून ते सप्टेंबर ९० अंशांवर चार-पाच तास थांबून मगच पुढे चढा. १०० ओलांडताना आत पाणी असेल तर भांडं फुटतं आणि शेजारची तीन घेऊन जातं.

सिंगल फेज, फ्लॅट आणि कोरीव-रंगीत काम असेल तर लाल माती. थ्री फेज आणि स्वयंपाकघरात जाणारी भांडी असतील तर स्टोनवेअर. दोन्ही हवं असेल तर भट्टी १२८० ची घ्या आणि पहिलं वर्ष १०५० वर काढा. कॉइलही जास्त टिकेल.

पण दोन माती एका टेबलावर आणू नका. लाल मातीची कातरण स्टोनवेअरच्या बादलीत गेली, की १२३० ला त्या जागी फोड येतात. लाल मातीचं अख्खं भांडंच चुकून त्या फायरिंगला गेलं, तर ते फुगतं, वितळून शेल्फवर पसरतं आणि छिन्नीनेही धड निघत नाही. बादल्या वेगळ्या, फडकी वेगळी, बिस्क झालेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला खूण. तरी शंका राहिलीच, तर तो तुकडा स्टोनवेअरच्या जुन्या बशीत ठेवून भाजा. वितळला तर बशी जाईल, शेल्फ वाचेल.