जुनी शिक्षा, अडलेली नेमणूक आणि मोफत विधी सेवा

शेजारच्या भांडणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात माझ्या मावसबहिणीला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ (जाणूनबुजून दुखापत करणे) खाली दोषी ठरवण्यात आले होते. दंडाधिकाऱ्यांनी तिला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेऊन सोडले आणि ती मुदत तिने बिनतक्रार पूर्ण केली. तरीही पुढे कित्येक वर्षांनी चारित्र्य पडताळणीत तिची नेमणूक अडली. याच काळात एका खासगी सल्लागाराने ‘रेकॉर्ड कायमचे पुसून देतो’ असे सांगून मोठी रक्कम मागितली. त्याला नकार देऊन आम्ही मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला.

तेथील पॅनेलवरच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, की प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी दप्तरातून पुसून टाकण्याची सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही; नोंदी नष्ट करण्याची सोय बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये आहे, पण ती मुलांपुरती. हे ऐकून बहिणीचा चेहरा उतरला, परंतु या सेवेला मी सर्वाधिक गुण देईन ते याच सरळपणासाठी. त्यानंतर त्यांनी निकालाची नक्कल मागवली आणि आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाले, “ताई, तुम्हाला कलम ४ खाली सोडलंय. सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे.” अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ चा लाभ मिळालेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता कलम १२ नुसार लागू होत नाही. मात्र दोषसिद्धी स्वतः कायम राहते, म्हणून पडताळणीच्या अर्जात ती लपवायची नाही, असेही त्यांनी बजावले. पडताळणीत माहिती लपवण्याबाबतचा, अवतार सिंग खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय त्यांनी याच संदर्भात समजावून सांगितला.

बहिणीच्या मनात मतदानाची भीती होती, तीही त्यांनी दूर केली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) मधील मनाई तुरुंगात असलेल्यांना आहे, पूर्वी दोषी ठरलेल्या प्रत्येकाला नाही. इतकी वर्षे ती केंद्रावर गेलीच नव्हती.

वकिलांची फी द्यावी लागली नाही. महिलांना ही सेवा उत्पन्नाची अट न लावता मिळते. जुन्या निकालाची नक्कल हाती यायला मात्र बराच वेळ गेला, त्यामुळे निकालाच्या वेळीच सही-शिक्क्याची प्रत घेऊन ती जपून ठेवावी. माझी खरी तक्रार वेगळी आहे : कलम १२ चा अर्थ बंधपत्रावर सही घेतानाच माणसाला समजावून सांगायला हवा, कारण तो ठाऊक नसल्याने कितीतरी जण हक्क असूनही अर्जच करत नाहीत.

कलम १२ चा आधार देऊन तयार केलेले निवेदन नेमणूक अधिकाऱ्यांकडे दाखल झाले असून निर्णय व्हायचा आहे. तो विरोधात गेल्यास पुढील दाद मागण्यासाठीही याच वकिलांना वकीलपत्र देण्याचे आम्ही ठरवले आहे. अशा अडचणीत असलेल्यांनी १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर चौकशी करावी आणि जाताना निकालाची प्रत सोबत न्यावी.