बिलाच्या मंजुरीसाठी कोणतं सॉफ्टवेअर? नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या युनिटसाठी तुलना

अंबड किंवा सातपूरला पन्नास-साठ माणसांचं युनिट आहे, हिशेब टॅलीत आहे आणि जॉबवर्कवाल्यांची बिलं सहीसाठी टेबलावर पडून राहतात, अशांसाठी हा आढावा आहे. सगळी सॉफ्टवेअरं मी एकाच कामाला लावून बघतो: बिल आलं, स्टोअरने जीआरएनशी (माल मिळाल्याच्या नोंदीशी) जुळवलं, मालकांनी मंजूर केलं, टॅलीत नोंद झाली. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत चुकली तर ती रक्कम प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच आयकरात खर्च म्हणून धरता येते. त्यामुळे पडून राहिलेलं बिल दोघांनाही महागात पडतं.

सध्या सगळ्या कंपन्या एआयची जाहिरात करतात. साध्या वाक्यात काम सांगायचं आणि फ्लो (एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांची साखळी) तयार, ही सोय आता बहुतेकांकडे आहे. ती चांगली आहे, पण तिच्यावरून निवड करू नका. फ्लो एकदाच बनतो, मंजुरी मात्र रोज द्यावी लागते. मला खरं मोलाचं वाटतं ते मध्येच थांबून माणसाला विचारण्याचं फीचर. मालासोबतच्या चलानावर ५०० नग, मोजणीत ४८८, बाकीचे १२ रिजेक्ट. हे तिन्ही आकडे मालकांच्या फोनवर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ या बटणांच्या वरच दिसले पाहिजेत. नुसती ‘बिल आलं आहे, लॉगिन करून पाहा’ अशी सूचना येणार असेल, तर बिल पुन्हा पडूनच राहणार.

या कसोटीवर मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट सर्वांत तयार आहे. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्लॅन आधीच असेल, तर मंजुरीचा साधा फ्लो त्यातच बसतो. विनंती टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या चॅट ॲपमध्ये आणि मेलमध्ये येते, बटण तिथेच दाबता येतं, मालक बाहेरगावी असतील तर ती दुसऱ्याकडे वळवता येते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर चालू असलेला फ्लो बंद पडतो, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आठवण जाईल अशी वेगळी पायरी फ्लोमध्ये पहिल्याच दिवशी जोडून घ्या. दुसरं म्हणजे एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) किंवा बाहेरच्या बऱ्याच सिस्टिमशी थेट बोलणारे कनेक्टर (तयार जोडण्या) प्रीमियम आहेत, त्यांचं लायसन्स वेगळं. टॅलीत नोंद करण्यासाठी पॉवर ऑटोमेटची डेस्कटॉप आवृत्ती माणसासारखी स्क्रीनवर क्लिक करते. विंडोजवर ती विनामूल्य मिळते, पण स्क्रीन बदलली की ते क्लिक चुकतात.

टॅलीच्या बाबतीत एन-एट-एन (n8n, फ्लो बनवण्याचंच दुसरं सॉफ्टवेअर) पुढे आहे. टॅली स्वतःच सर्व्हरसारखी चालते आणि सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) एक्सएमएल या मजकुराच्या साच्यात बोलते. एन-एट-एन तुमच्याच ऑफिसातल्या एका पीसीवर बसवलं, तर ते क्लिक न करता थेट व्हाउचर (हिशेबाची नोंद) पाठवतं. कंपनीच्या अंतर्गत कामासाठी स्वतःच्या मशीनवर चालवायला लायसन्सचे पैसे नाहीत. मेल, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर विचारून उत्तराची वाट पाहण्याची सोय आहे, आणि २०२५ मध्ये आतच डेटा टेबल ठेवण्याचीही आली. पण सांभाळणारा माणूस हवा. अंबडला वीज गेली आणि यूपीएस संपला की मंजुरीही थांबली. टाइमझोन न बदलता बसवलं तर ते न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतं आणि सकाळी नऊची आठवण संध्याकाळी येते. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता टाकावं लागतं.

झोहो फ्लोबद्दल थोडक्यात: बिल रुपयांत, डेटा सेंटर भारतात. हिशेब झोहो बुक्स या त्यांच्याच हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नेणार असाल तर दुसरीकडे पाहायची गरज नाही. अकाउंटंट टॅली सोडणार नसेल, तर त्याचा निम्मा फायदा गेला. झॅपियर हे तसंच आणखी एक सॉफ्टवेअर हजारो ॲप्स जोडतं आणि शिकायला सगळ्यांत सोपं आहे, पण डॉलरमध्ये आणि टास्कच्या (प्रत्येक कृतीच्या) हिशेबाने आकारतं. एका बिलामागे चार-पाच कृती धरल्या की महिनाअखेरीला आकडा फुगतो. एन-एट-एनच्या क्लाउड प्लॅनमध्ये (त्यांच्याच सर्व्हरवर चालवायच्या) फ्लो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालला तरी ते एकच एक्झिक्युशन (एक फेरी) मोजलं जातं, हा फरक मोठा आहे.

माझा सल्ला असा. मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल तर फक्त मंजुरी पॉवर ऑटोमेटवर घ्या आणि टॅलीतली नोंद सध्या अकाउंटंटलाच करू द्या. नोंदही आपोआप हवी असेल आणि आयटी सांभाळणारा माणूस पगारावर असेल, तर एन-एट-एन. तसा माणूस नसेल तर ते विनामूल्य आहे म्हणून घेऊ नका.

सुरू करण्याआधी खाती कोणाच्या नावावर आहेत ते तपासा. पॉवर ऑटोमेटचा फ्लो बनवणाऱ्याच्या लॉगिनवर चालतो; तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद केलं की फ्लो अडतो, म्हणून दुसरा सहमालक नेमा. एन-एट-एनमध्ये सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्शन कीने (गुप्त किल्लीने) बंद असतात. ती हरवली तर बॅकअप असूनही प्रत्येक जोडणी नव्याने करावी लागते. तिची एक प्रत मालकांच्या कपाटात राहू द्या.