बाबाच्या अंगावर बसेल असं बेबी कॅरिअर

बक्कलवाल्या बेबी कॅरिअरची खरी कसोटी बाबाच्या अंगावर लागते. आईच्या मापाचे पट्टे तसेच ठेवून बाळ घेतलं की ते पोटाशी लोंबकळतं, बाबाची कंबर धरते आणि कॅरिअर कपाटात जातं. म्हणून पट्टे दर वेळी नव्याने लावायचे. आधी कमरेचा, पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर घट्ट. मग बाळ छातीशी, गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय बेडकासारखे. शेवटी खांद्याचे पट्टे ओढा. मान वाकवून टाळूचा पापा घेता यावा. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं मावायलाच हवीत. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अडते.

पाठीवरच्या क्लिपला हात पोचत नाही, ही रुंद खांद्यांची नेहमीची रड. पट्टे सैल सोडून क्लिप मानेजवळ सरकवा, पोचतो.

फोमचं अस्तर आपल्या मे महिन्यात नकोच, जाळीचं घ्या. स्कूटरवर आणि गॅसपुढे कॅरिअर अजिबात नाही.

बहुतेक कॅरिअरांसाठी बाळाचं वजन किमान साडेतीन किलोच्या आसपास लागतं. त्याहून लहान बाळासाठी पैसे खर्चू नका: 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली कांगारू पद्धत, म्हणजे उघड्या छातीवर बाळ आणि वरून पांघरूण, बाबालाही जमते. दवाखान्यातल्या नर्सकडून एकदा शिकून घ्या.